कोमांचींबद्दलचा कुठला कागद खरा धरायचा?

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी कशाचं उत्तर देतेय ते स्पष्ट राहील. कोमांची ही अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची, म्हणजे तिथल्या 'इंडियन' लोकांची, एक जमात. टेक्सासच्या सरहद्दीवर एकोणिसाव्या शतकात त्यांनी केलेल्या हल्ल्यांवरचं एक खपाचं इंग्रजी पुस्तक तुम्ही वाचलंत. त्यातली छळाची वर्णनं वाचून अंगावर काटा आला. मग कुणीतरी तुम्हाला सांगितलं, की या सगळ्या जमिनी लाटणाऱ्या गोऱ्यांच्या थापा. तळटीपा दोघांकडेही आहेत आणि दोघंही ठासून बोलतात. तेव्हा भरवशाच्या साधनांची यादी द्या, असं तुमचं म्हणणं.

यादीनं तुमचं काम भागणार नाही. टेक्सासमधल्या ऑस्टिनमध्ये मी बावीस वर्षं जुन्या कागदपत्रांच्या सूच्या करतेय. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत खरा, असा कागद अजून माझ्या हाताखालून गेलेला नाही. साफ बनावट काही गेले, त्यांच्याकडे पुढे येतेच. उरलेले सगळे भेसळीचे. एकाच पानावर एक वाक्य डोळ्यांनी पाहिलेलं, दुसरं शेजारणीकडून ऐकलेलं आणि तिसरं छापखानेवाल्यानं खप वाढावा म्हणून घातलेलं. त्यामुळे मी वाक्यावाक्याला थांबून विचारते, की हे कुणी पाहिलं, कधी लिहिलं आणि लिहिताना त्याला काय साधायचं होतं.

तुम्हाला काय शोधायचंय यावरही बरंच अवलंबून आहे. अमुक दिवशी काय घडलं हे हवं असेल तर एक प्रकारचे कागद लागतात, कोमांचींच्या तळावर रोज काय चालायचं हे हवं असेल तर दुसरे. आणि १८८०च्या आसपासची टेक्सासची माणसं आपल्या बापजाद्यांबद्दल काय सांगत होती, एवढंच हवं असेल तर भडकातलं भडक पुस्तकसुद्धा अस्सल साधन ठरतं. राजवाडे बखरींवर का तुटून पडले होते ते आठवा. बखर लिहिली गेली त्या काळचं मन त्या बखरीत असतं. ज्या काळाची गोष्ट ती सांगते, त्या काळच्या तारखा मात्र तिच्यावरून लावायच्या नाहीत.

आता एक प्रकरण नीट उलगडून दाखवते, कारण बाकीचं सगळं त्यावरून कळेल.

१९ मार्च १८४०, सॅन अँटोनिओ. टेक्सास तेव्हा स्वतंत्र प्रजासत्ताक होतं. पेनाटेका या कोमांचींच्या शाखेची पासष्टेक माणसं, बायकापोरांसकट, तहाची बोलणी करायला गावात आली. पुढारी होता मुकवारा. टेक्सासची अट होती की सगळे गोरे कैदी आणून द्या. त्यांनी आणली ती मटिल्डा लॉकहार्ट ही सोळा वर्षांची मुलगी आणि काही मेक्सिकन मुलं. बोलणी फिसकटली, सैनिक आत शिरले. 'आता तुम्ही आमचे कैदी' हे वाक्य कोमांचीत सांगायची दुभाष्याची हिंमत होईना, ते कसंबसं उच्चारून त्यानं दार गाठलं. मग आतल्या खोलीत, अंगणात आणि गल्ल्यांत कापाकापी झाली. पस्तीस कोमांची मेले, त्यांत तीन बायका आणि दोन मुलं. टेक्सासचे सात. उरलेल्या बायकापोरांना कैद केलं. याला 'कौन्सिल हाउसची लढाई' म्हणतात. लढाई हा शब्द कुणी दिला असेल हे सांगायला नको.

तुमच्या पुस्तकात हे बहुधा असं आलं असेल: मटिल्डाचं नाक हाडापर्यंत जाळलेलं होतं, अंगभर जखमा होत्या, ते बघून लोकांचं रक्त खवळलं आणि पुढचं सगळं घडलं. या वर्णनाचा उगम मेरी मॅव्हरिक या बाईंच्या आठवणींत आहे. बाई त्या दिवशी त्याच गावात होत्या, घर चौकाजवळच होतं, म्हणजे साक्षीदार पक्की. पण त्या आठवणी त्यांनी म्हातारपणी मुलाला हाताशी धरून जुळवल्या आणि नातीनं त्या १९२१ साली छापल्या. घटना आणि जुळवणी यांच्यात निदान चाळीस वर्षं गेलेली.

दुसरा कागद घटनेच्या दुसऱ्याच दिवसाचा आहे. ह्यू मॅक्लाउड हा कोमांचींशी बोलायला नेमलेला अधिकारी. त्यानं २० मार्चला राष्ट्राध्यक्ष लमारला अहवाल पाठवला. मटिल्डा त्यात आहे. मुलगी फार हुशार आहे, सोळाची होत आली आहे, असं तो लिहितो. थोड्याच दिवसांपूर्वी मुख्य तळावर तिनं इतर कैदी पाहिले होते. हिची किंमत किती येते ते बघून बाकीचे एकेक करून आणायचा त्यांचा बेत होता, हेही तिनंच सांगितलं. नाकाबद्दल एक अक्षर नाही.

इथे नवे अभ्यासक उडी मारतात: लिहिलं नाही, म्हणजे नव्हतंच! सावकाश. एखादी गोष्ट कागदात नसणं हा एरवी फार लंगडा पुरावा असतो. ती तिथे असायलाच हवी होती असं दाखवता आलं तरच त्याला वजन येतं. मॅक्लाउडच्या हाताखाली तहाला आलेली पस्तीस माणसं आदल्या दिवशी मारली गेली होती. त्याला सफाई द्यायची होती, आणि जळक्या नाकाची मुलगी ही त्याची सगळ्यांत मोठी सफाई झाली असती. तरी तो तिच्या बोलण्याचा आधार घेतो, चेहऱ्याचा घेत नाही. हे वजनदार आहे. उलट बाजूनं, त्या काळचा अधिकारी सरकारी पत्रात एका तरुण मुलीच्या शरीराचं वर्णन टाळेल, हेही शक्य आहे. माझं मत विचाराल तर तिला मारहाण झाली असावी, कदाचित भाजलंही असेल. पण मॅव्हरिकबाईंचं वर्णन मी 'बाईंनी म्हातारपणी असं सांगितलं' या शब्दांशिवाय कुठेही वापरणार नाही.

खरी गंमत तिसऱ्या कागदात आहे. जानेवारीत तीन कोमांची पुढारी पहिल्यांदा तहाचं विचारायला आले, तेव्हाच तिथल्या कर्नल कार्न्सनं वर कळवलं होतं, की पुढच्या खेपेला यांना धरून ठेवावं. त्यावर ३० जानेवारी १८४० रोजी युद्धमंत्री आल्बर्ट सिडनी जॉन्स्टननं कर्नल फिशरला हुकूम पाठवला: गोरे कैदी सोबत न आणता आले तर त्यांना अडकवा. हुकूम घटनेच्या सात आठवडे आधीचा. मटिल्डाचा चेहरा तोवर सॅन अँटोनिओत कुणी पाहिलेलाही नव्हता. म्हणजे नाक जळालेलं होतं की नव्हतं, याचा निकाल न लावताच आपल्याला एवढं कळतं, की सापळ्याचं कारण ते नाक नव्हतं. ज्या प्रश्नाचं उत्तर मिळण्यासारखं नाही तो बाजूला ठेवायचा आणि त्याच्या शेजारचा, उत्तर मिळण्यासारखा प्रश्न धरायचा. माझ्या कामातला निम्मा वेळ हे शेजारचे प्रश्न शोधण्यात जातो.

मी हे शहाणपण फुकट मिळवलेलं नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका छोट्या प्रदर्शनाचे फलक लिहायचं काम माझ्याकडे आलं, आणि मी नाकाची गोष्ट घटनेचं कारण म्हणून बिनधास्त लिहिली. फलक छापून भिंतीवर लागला. कौतुकानं बघायला आलेल्या एका म्हाताऱ्या सहकाऱ्यानं एवढंच विचारलं, "हे वाक्य कुठल्या सालचं?" मला सांगता येईना. फलक तीन महिने तसाच लटकत राहिला आणि मी रोज त्याच्यासमोरून मान खाली घालून जात होते.

आणखी एक कागद या प्रकरणात फार थोडे लोक उघडतात, आणि तो गोऱ्यांचा नाही. कोमांचींचे शेजारी आणि मित्र असलेले कायोवा लोक वर्षांची चित्रं काढून ठेवत, एका हिवाळ्याला एक, एका उन्हाळ्याला एक. जेम्स मूनीनं ती १८९८ साली अर्थासह छापली. त्यांतला १८३९-४०चा हिवाळा हा 'देवीच्या साथीचा हिवाळा' आहे. अंगभर ठिपके असलेला माणूस, बस्स. मार्चमध्ये पेनाटेका तहाला का आले, याचा विचार करताना तो ठिपक्यांचा माणूस डोळ्यांसमोर ठेवा. मॅक्लाउडच्या अहवालात तो नाही.

आता सिंथिया अ‍ॅन पार्कर. ही गोष्ट तुम्हाला माहीत असणार, म्हणून धावती सांगते. १९ मे १८३६ रोजी टेक्सासमधल्या फोर्ट पार्करवर, म्हणजे पार्कर कुटुंबाच्या गढीवर, हल्ला झाला, पाच पुरुष मारले गेले, पाच जणांना पळवलं. त्यांत नऊ-दहा वर्षांची ही मुलगी. (नेमकं वय? जितकी पुस्तकं तितकी वयं.) पुढे ती कोमांची झाली, पेटा नोकोना या पुढाऱ्याची बायको आणि पुढे स्वतःही पुढारी झालेल्या क्वाना पार्करची आई. डिसेंबर १८६० मध्ये पीस नदीकाठी सल रॉसच्या रेंजर्सनी (टेक्सासच्या सरहद्दीवरच्या सशस्त्र शिपायांनी) आणि घोडदळानं एका तळावर छापा घातला, त्यात ती लहान मुलीसह सापडली.

रॉसनं आयुष्यभर सांगितलं की त्या दिवशी मी पेटा नोकोनाला मारलं. पण त्यानं वेळोवेळी दिलेल्या हकिकती समोरासमोर ठेवल्या की जुळत नाहीत. वर्षं जातात तशी लढाई मोठी होत जाते. सर्वांत प्रसिद्ध झालेली हकिकत जेम्स डीशील्ड्सच्या १८८६च्या पुस्तकातून पसरली. त्याच साली रॉस गव्हर्नरपदाची निवडणूक लढवत होता, आणि जिंकला. क्वाना मात्र सांगत राहिला, की माझा बाप तिथे नव्हताच, तो नंतर वारला. आणि त्या छाप्यातल्याच एका माणसानं पुढे कबुली दिली, की मला त्याचा अभिमान वाटत नाही, ती लढाई नव्हतीच, बायकांना मारणं होतं. तारखेतही घोळ आहे, कुठे १८ डिसेंबर, कुठे १९.

इथे माझा नियम साधा आहे. स्वतःच्या फायद्याचं बोलणाऱ्याला पुरावा मागायचा, स्वतःच्या तोट्याचं बोलणाऱ्याकडे कान द्यायचा. या हिशेबानं त्या माणसाची कबुली जड. क्वानाचं काय? बाप शत्रूच्या हातून पळताना मेला नाही, हे मुलानं म्हणणं स्वाभाविकच, म्हणजे त्याचाही स्वार्थ आहे. पण तो रॉसइतका दांडगा नाही, आणि त्याला आपल्या माणसांत विचारपूस करता येत होती.

तिच्या मरणाची गोष्ट याहून बोधक आहे. लोकप्रिय कथा अशी, की १८६४ साली तिची मुलगी तापानं गेली आणि आईनं अन्न टाकून लगेच प्राण सोडला. कित्येक ठिकाणी मृत्यूचं साल १८६४ असं छापलेलं आहे. पण १८७०च्या जनगणनेत बाई हजर आहेत, ओक्विन कुटुंबात, वय ४५! जनगणना करणारा कारकून दारोदार फिरत होता. त्याला शोकांतिका लिहायची नव्हती, रकाने भरायचे होते. मला असे कंटाळवाणे कागद फार आवडतात. ८ एप्रिल १८६१चा टेक्सास विधिमंडळाचा ठरावही तसाच: वर्षाला १०० डॉलर, पाच वर्षं, शिवाय जमीन. तिच्या मनात काय होतं ते यातलं काहीच सांगत नाही. त्यासाठी १८६१चा एक फोटो आहे. मूल छातीशी, केस कानापाशी छाटलेले. कोमांची बायका शोकात केस कापत. फोटोखाली गोऱ्यांनी काय काय मथळे दिले ते सोडा आणि केस बघा.

तुमची झोप उडवणारी वर्णनं मुख्यतः कैदेतून सुटलेल्यांच्या पुस्तकांतली आहेत, तेव्हा त्यांच्याबद्दल जरा सविस्तर. रेचल प्लमर ही फोर्ट पार्करवरूनच पळवलेली. जून १८३७ मध्ये खंडणी देऊन सुटली, १८३८ साली तिचं छोटं पुस्तक ह्यूस्टनमध्ये छापलं, आणि १८३९ साली ती वारली. तिच्या वडिलांनी, जेम्स पार्करनी, १८४४ साली लुइव्हिलला आपल्या साहसांचं पुस्तक काढलं आणि त्याला रेचलचा वृत्तांत जोडला, बदललेल्या रूपात. लेखिका जाऊन पाच वर्षं झालेली! शिवाय हे जेम्स पार्कर असे गृहस्थ, की त्यांना १८३९ साली स्वतःवरच्या आरोपांना उत्तर देणारं वेगळं पत्रक छापावं लागलं होतं. म्हणून 'रेचल प्लमर म्हणते' असं कुणी लिहिलं, की माझा पहिला प्रश्न असतो, कुठली रेचल? अडतीसची की चव्वेचाळीसची?

पण म्हणून रेचल टाकायची का? मुळीच नाही. तिच्या वृत्तांतात मैदानी प्रदेशातल्या प्राण्यांची यादी आहे. त्यात प्रेअरी डॉग आहे, रानमेंढी आहे, गवे (बायसन) आहेत आणि 'मनुष्य-वाघ' नावाचा आठ-नऊ फुटी, पंजेवाला प्राणीही आहे. वाचणारा हसतो आणि पुस्तक मिटतो. मी तिथे थांबते, कारण त्या नोंदीत 'इंडियन लोक सांगतात' असं आहे. पाहिलेलं आणि ऐकलेलं यांत ही बाई फरक करते! असा साक्षीदार मला हवाच असतो. आणि ती आपलं रोजचं काम सांगते: दर महिन्याला ठरावीक गव्यांची कातडी कमवायची, रात्री घोडे राखायचे. या ओळीत ना छळ आहे ना रोमांच, त्यामुळे कुणाला ती घुसडायचं कारण नव्हतं. पण कोमांची कैदी का धरत, याचं एक मोठं कारण तिथे उघडं पडतं. घोड्यांचे कळप वाढलेले, कातड्यांचा व्यापार वाढलेला आणि हात अपुरे. नवजात बाळाला मारल्याचं तिनं लिहिलंय, तेही मी खरं मानते. आपल्या मुलाबद्दल असं रचून तिला काय मिळणार होतं?

बनावट पुस्तकं ओळखायला शिकायचं तर १८३८ सालीच न्यूयॉर्कमध्ये निघालेली क्लॅरिसा प्लमरची हकिकत बघा. आडनाव रेचलचं, बाई काल्पनिक. रेचलच्या बातमीवर पोळी भाजून घेतलेली. तिची जोडीदार कॅरोलाइन हॅरिस, तीही त्याच सालची, त्याच गावची. नेल्सन ली नावाच्या इसमाचं १८५९चं 'तीन वर्षं कोमांचींत' हे जरा वरच्या दर्जाचं. त्याच्या चांदीच्या घड्याळाचा गजर वाजला आणि त्या जादूनं त्याचा जीव वाचला, असं तो सांगतो. घड्याळ एक वेळ सोडून देऊ. पण त्याचे कोमांची ठरलेल्या गावांत शेती करून राहतात, आणि हे लोक तर गव्यांमागे फिरणारे. खोटं बोलणारा मोठ्या प्रसंगांत सापडत नाही, चूल कुठे मांडली होती ते सांगताना सापडतो.

म्हातारपणी सांगितलेल्या आठवणींत आणखी एक पात्र असतं, संपादक. हर्मन लेमन आणि क्लिंटन स्मिथ या दोन कैदी मुलांची आत्मकथनं १९२७ साली आली. दोन्हींमागे हात जे. मार्व्हिन हंटरचा. लेमनची एक आवृत्ती १८९९ सालीही निघाली होती, दुसऱ्याच माणसानं लिहून काढलेली. अशा वेळी दोन आवृत्त्या शेजारी मांडून, जे दोन्हींत तसंच आहे तेवढंच मी लेमनच्या तोंडचं धरते. फार वेळखाऊ काम आहे, पण दुसरा इलाज नाही.

आकड्यांबद्दल थोडक्यात. फोर्ट पार्करवर चालून आलेले शंभर होते की सहाशे, हे कुणालाच ठाऊक नाही. घाबरलेला माणूस मोजत नाही. ऑगस्ट १८४० मध्ये प्लम क्रीकच्या लढाईत ऐंशीवर कोमांची मारल्याचं छापतात, सापडलेली प्रेतं डझनभर. पण कोमांची जीव धोक्यात घालून आपली प्रेतं उचलून नेत, म्हणून डझन हाही खरा आकडा नव्हे. अशा ठिकाणी मी दोन्ही आकडे कुणाचे ते लिहून मोकळी होते. सरासरी कधीही काढू नका.

आता एक असा कागद, ज्यावर नवे अभ्यासक डोळे मिटून विश्वास ठेवतात, कारण तो शपथेवर असतो. नुकसानभरपाईचे दावे. ३ मार्च १८९१च्या कायद्यानं इंडियन हल्ल्यांतल्या नुकसानीचे दावे अमेरिकेच्या दावे न्यायालयात नेता येऊ लागले, आणि दहा हजारांवर दावे आले. दोन साक्षीदार, शपथ, शिक्का, सगळं यथासांग. पण कायद्यात एक मेख होती: हल्ला करणारी जमात त्या वेळी सरकारशी सलोख्यात असली तरच पैसे. त्यामुळे जमातीचं नाव सांगणं भाग, आणि ते सलोख्यातल्या जमातीचंच हवं. मग वीस-तीस वर्षांपूर्वी रात्रीच्या अंधारात घोडे नेणारे कोण होते, हे लोकांना अचानक लख्ख आठवू लागलं. बाणाच्या पिसावरून, मोकॅसिनच्या (इंडियनांच्या कातडी जोड्यांच्या) ठशावरून. घोडेही गेले तेव्हा साधे होते, दाव्यात उमदे झाले. तरी याच दाव्यांत घरातल्या वस्तूंच्या याद्या असतात, कढया, रजया, पेरणीचं बी. सरहद्दीवरच्या गरीब घरात काय होतं हे इतक्या नेमकेपणानं दुसरीकडे सापडत नाही.

'कोमांची' हे नावही संशयानंच वाचा. ते मुळात यूट लोकांनी दिलेलं, 'शत्रू' अशा अर्थाचं. ते स्वतःला नुमुनू म्हणजे माणसं म्हणतात. टेक्सासच्या वर्तमानपत्रांत कायोवा, लिपान, किकापू या दुसऱ्या जमातींचे लोक, क्वचित इंडियनांचं सोंग घेतलेले गोरे चोरही 'कोमांची' म्हणून छापले गेले.

तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं: कोमांचींचं म्हणणं कुठे आहे? १९३३च्या उन्हाळ्यात राल्फ लिंटन, अ‍ॅडमसन होबेल वगैरे अभ्यासकांनी ओक्लाहोमात म्हाताऱ्या कोमांचींना बसवून दुभाष्यांमार्फत वह्या भरून घेतल्या. त्या टिपणांचं संपादन थॉमस कॅव्हनॉ यांनी केलं आणि २००८ साली ती छापली. चालीरीती, भांडणतंटे, औषधं, नातीगोती यांसाठी सोनं. पण सांगणारे १८६०-७०च्या दशकांतली पोरं होती, १८४० त्यांच्या आजोबांचं. त्याहून मागे जायचं तर स्पॅनिश कागद. बेहार दप्तर म्हणून सॅन अँटोनिओचं जुनं सरकारी दफ्तर आहे, ते १८९९ पासून इथल्या विद्यापीठात आहे, अडीच लाखांवर पानं. १७८५-८६च्या तहानंतर कोमांची पाहुणे आले की कारकून भेटवस्तूंची यादी करी: किती तंबाखू, किती सुऱ्या, किती गूळ, किती मणी. त्याला वर हिशेब द्यायचा होता. इंग्रजी पुस्तकांत जे लोक फक्त किंचाळत घोड्यावरून येतात, ते या याद्यांत जेवायला येतात, आठवडाभर मुक्काम करतात, लगाम दुरुस्त करून मागतात.

एक इशारा. सहानुभूतीनं लिहिणारा म्हणजे खरं लिहिणारा, असं धरू नका. नोआ स्मिथविक १८३७ साली मुकवाराच्या तळावर काही महिने राहिला आणि त्याच्याबद्दल फार आपुलकीनं लिहून गेला. ते वाचून सगळे विरघळतात. पण त्यानं ते दृष्टी गेल्यावर, नव्वदीत, मुलीला सांगून लिहवलं, आणि १८३९ साली सॅन सबाच्या खोऱ्यात कोमांचींच्या झोपलेल्या तळावर चालून गेलेल्या, टेक्सासच्या कर्नल मूरच्या फौजेत एका तुकडीचा कप्तान हाच स्मिथविक होता. पश्चात्तापाची आठवणही रंगवलेली असू शकते.

मग छळ झाला की नाही? झाला. कोमांचींनी माणसं मारली, मुलं पळवली, बायकांवर अत्याचार केले; टेक्सास आणि मेक्सिको दोन्हीकडच्या इतक्या वेगवेगळ्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या कागदांत ते येतं, की नाकारता येणार नाही. टेक्सासच्या लोकांनीही तहाला आलेले मारले आणि झोपलेल्या तळांवर गोळ्या घातल्या, तेही त्यांच्याच अहवालांत आहे. बंगालात पोरांना झोपवताना बर्गी, म्हणजे मराठे घोडेस्वार, आले म्हणून भीती घालतात. ती भीती खरी होती, हे आपण मराठी माणसांनी कबूल करायला हरकत नाही. पण त्या अंगाईवरून रघूजी भोसल्यांची मोहीम कळत नाही. तसंच इथे.

तुमच्या हातातल्या पुस्तकाचं मी काय करेन ते सांगते. छळाचं प्रत्येक वर्णन आलं की मागची तळटीप काढा आणि समासात पेन्सिलीनं दोनच आकडे लिहा: घटनेचं साल आणि ती पहिल्यांदा लिहिली गेली ते साल. पुस्तकाचं साल नको. वर्णन विलबार्गरनं १८८९ साली काढलेल्या इंडियन हल्ल्यांच्या हकिकतींच्या संग्रहावरून घेतलं असेल तर विलबार्गरनं कुणाकडून ऐकलं ते बघा. त्याच्या भावाची, जोसायाची, टाळू १८३३ साली सोलली गेली आणि तो वाचला, हे खरं. शेजारच्या बाईंना तो कुठे पडलाय ते स्वप्नात दिसलं, हेही विलबार्गर त्याच सुरात सांगतो. पहिली पन्नास पानं अशी झाली की मला समासातले आकडे पाठवा, पुढचं बोलू.